साडेतीन आणि सात वर्षांची मुले असलेल्या घरात कोणत्या जातीचा कुत्रा आणावा?

सायली_पुणे

नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घर दोन शयनगृहांचे असून दिवाणखान्याला लागून चार खुर्च्या मावतील एवढी गच्ची आहे. घरात आम्ही दोघे, ६८ वर्षांच्या सासूबाई, सात वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा अशी पाच माणसे आहोत. मुलगी गेले वर्षभर कुत्र्याचा हट्ट धरून आहे, आणि तो नुसता हट्ट नाही असे आता आम्हांला वाटू लागले आहे. सोसायटीतल्या प्रत्येक कुत्र्याचे नाव, त्याला काय आवडते आणि तो कशाला घाबरतो हे तिने एका वहीत लिहून ठेवले आहे. मुलगा मात्र अजून लहान आहे. तो आनंदाने किंचाळतो, दुसऱ्याच्या हातातली वस्तू ओढून घेतो आणि एखादी गोष्ट आवडली की तिला दोन्ही हातांनी घट्ट कवटाळतो.

माझ्या माहेरी, मिरजेला, कुत्रा होता. पण तो कायम अंगणात असे, उंबऱ्याच्या आत कधी आला नाही, त्यामुळे घरात कुत्रा वागवण्याचा अनुभव मला नाही आणि यजमानांना तर मुळीच नाही. ज्याला विचारावे तो एका वेगळ्या जातीचे नाव सांगतो. मोठे दीर लॅब्रॅडॉर म्हणतात, मैत्रीण बीगल सुचवते, यजमानांना निळ्या डोळ्यांचा हस्की आवडतो आणि एका दुकानदाराने फ्लॅटसाठी पगच उत्तम असे सांगितले. सकाळी साडेसहा ते साडेसात यजमान मोकळे असतात आणि संध्याकाळी सातनंतर मी. दुपारी अकरा ते चार घरी फक्त सासूबाई आणि धाकटा असतो. सासूबाईंना कुत्र्यांची भीती नाही, परंतु त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे ओढणाऱ्या कुत्र्याचा पट्टा त्यांच्या हाती देता येणार नाही.

लहान मुलांशी सांभाळून वागणारी, पुण्याची हवा मानवणारी आणि पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराला झेपेल अशी जात कोणती? पिल्लू आणावे की मोठा कुत्रा? ज्यांनी लहान मुलांबरोबर कुत्रा वाढवला आहे त्यांनी अडचणीही मोकळेपणाने लिहाव्यात, ही विनंती.


गोदाकाठ

सायलीताई, आमच्याकडे नाशिकला नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. ती आली तेव्हा आमचा मुलगा चार वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या धाकट्याएवढाच. लॅब्रॅडॉर मुलांशी प्रेमळ असतो असे जे म्हणतात ते आमच्या अनुभवात शंभर टक्के खरे ठरले. मुलाला ताप आला की ती त्याच्या पलंगाखालून हलत नाही. परंतु तुम्ही अडचणी विचारल्या आहेत म्हणून पहिल्या दोन वर्षांबद्दल लिहितो.

एक वर्षाचा लॅब्रॅडॉर शरीराने पूर्ण वाढलेला आणि समजेने पिल्लूच असतो. आमच्या कुत्रीने त्या काळात मुलाला अनेकदा पाडले, आणि प्रत्येक वेळी केवळ आनंदाच्या भरात. तिच्या शेपटीच्या एका फटक्याने चहाच्या टेबलावरचा स्टीलचा पेला भिंतीपर्यंत गेलेला मी पाहिला आहे, आणि ती शेपटी नेमकी चार वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर असते. केस बाराही महिने गळतात. सकाळी झाडून काढल्यावर दुपारी पुन्हा सोफ्याखाली पुंजके जमलेले असतात आणि काळ्या कपड्यांचा मोह सोडावा लागतो. रंगीत खडू, पायमोजे, खोडरबर यांपैकी तिने गिळले नाही असे काहीच उरले नाही.

खाण्याबद्दल विशेष सांगावेसे वाटते. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की साधारण चारांपैकी एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ इतरांपेक्षा जास्त असते. हे आम्हांला फार उशिरा कळले. मुलगा जेवताना टेबलाखालून पोळीचे तुकडे देत राहिला, आम्ही कौतुकाने पाहत राहिलो आणि जिचे वजन तीस किलोच्या आसपास असायला हवे होते ती ३८ किलोंवर गेली. त्यात घरभर गुळगुळीत फरशी. आज तिला उठताना मागचे पाय सावरावे लागतात आणि ते पाहताना मला आमचीच चूक दिसते. तुम्ही कोणताही मोठा कुत्रा आणलात तरी त्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर पहिल्या दिवसापासून रबरी चटया अंथराव्यात.

मला पुन्हा संधी मिळाली तर मी लॅब्रॅडॉरच घेईन. पण दुपारी पाच तास घरात एक लहान मूल आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजी एवढेच असतील, तर त्याचे पिल्लू मी आणणार नाही.


पशुवैद्य_कोल्हापूर

मी गेली बावीस वर्षे कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतो आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम दोन नावे यादीतून काढून टाकावीत. हस्की हा सैबेरियात बर्फावरून गाडी ओढण्यासाठी घडवलेला कुत्रा आहे. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि दिवसभर धावण्याची ताकद त्याच्या रक्तात असते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या आसपास जातो तेव्हा त्याला वातानुकूलित खोलीत कोंडून ठेवावे लागते, आणि कोंडलेला हस्की दारे-गाद्या फाडतो. तो त्या बिचाऱ्याचा स्वभावदोष नसतो. पगबद्दल त्या दुकानदाराने जे सांगितले ते मला अजिबात पटत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवाटे आणि नाकावाटे शरीरातील उष्णता बाहेर काढतो. पगचे नाक माणसाने पिढ्यानपिढ्या इतके आखूड केले आहे की त्याला हे काम नीट करताच येत नाही. मे महिन्यात भर दुपारी फिरवून आणलेला, जीभ निळी पडलेला पग टेबलावर आला की मी त्याच्या अंगावर ओले कपडे टाकतो, पंखा लावतो आणि प्राणवायू देतो. तरीही प्रत्येक वेळी यश येत नाही. शिट्झूचे नाकही चपटेच असते.

लहान कुत्रा लहान मुलांसाठी सुरक्षित, हाही एक गैरसमज आहे. दोन-अडीच किलोंच्या पॉमेरेनियनवर तुमचा मुलगा खेळता खेळता पडला तर त्या कुत्र्याचा पुढचा पाय मोडू शकतो. आपण मोडण्याजोगे आहोत हे त्या कुत्र्यालाही ठाऊक असते, म्हणून तो आधीच दात दाखवतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जातीवरून कुत्र्याचा आकार, केस, उष्णता सोसण्याची ताकद आणि संभाव्य आजार बऱ्यापैकी सांगता येतात. स्वभाव मात्र तितका सांगता येत नाही. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर आणि त्यांतील अनेक कुत्र्यांच्या जनुकांच्या तपासणीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम नऊ टक्के भाग जातीने समजावता येतो, असे त्यात आढळले. म्हणजे वास घेत जाणे, वस्तू उचलून आणणे यांसारख्या सवयींत जातीचा वाटा असतो. पण कुत्रा चटकन चिडणारा आहे की सोशीक, हे त्या एकट्या कुत्र्याकडे पाहूनच ठरवावे लागते. म्हणून ‘कोणती जात’ याच्याइतकाच ‘कोणता कुत्रा आणि तो कुठे वाढला’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू विकण्याची पद्धतच पडून गेली आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी असावी लागते. त्या राहिलेल्या दहा-बारा दिवसांत काय होते, असे लोक मला विचारतात. त्या दिवसांत पिल्लू भावंडांशी खेळताना जोरात चावते, भावंड कळवळून खेळ थांबवते, आणि दात किती लावायचे हे पिल्लाला कळते. ही शाळा बुडालेले पिल्लू तेच धडे तुमच्या मुलाच्या हातांवर शिकते. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाने जे पाहिले, ऐकले, हुंगले ते त्याला आयुष्यभर नेहमीचे वाटते. गोठ्यामागच्या अंधाऱ्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला लहान मुलाची किंचाळी म्हणजे संकट वाटले तर त्यात नवल नाही. म्हणून पिल्लू घ्यायचेच असेल तर त्याची आई पाहिल्याशिवाय घेऊ नका, आणि तीही तुमच्या मुलीला बरोबर नेऊन पाहा. परकी माणसे पाहून आई कोपऱ्यात दबत असेल किंवा गुरगुरत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असले तरी परत फिरा. आईला आत बांधून ठेवले आहे, आता दाखवता येणार नाही, असे कोणी म्हणाले तरी परत फिरा.

जंतांचे औषध पिल्लाला तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी द्यावे लागते, कारण त्याच्या पोटातील गोल जंतांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून मातीत मिसळतात आणि तेथून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात. पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांवरच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर द्यायची आणि पुढे आयुष्यभर वेळच्या वेळी देत राहायची. पावसाळ्यात गोचीड आणि त्यांच्यामुळे येणारा ताप यांकडे लक्ष ठेवावे लागते.


तलावपाळी

आमच्याकडे ठाण्याला बीगल आहे. आकाराने आटोपशीर, दहा-अकरा किलोंचा, केस आखूड, मुलांशी खेळायला सदैव तयार. परंतु हा कुत्रा टोळीने शिकार करण्यासाठी घडवलेला असल्यामुळे त्याचा आवाज मैलभर जावा हाच त्याच्या पूर्वजांचा गुण मानला जात होता, आणि आम्ही कामावर गेलो की तो त्याच आवाजात रडतो. पहिल्या वर्षी सोसायटीत तीन वेळा तक्रार झाली. नाकाला वास लागला की त्याला हाक ऐकू येत नाही, त्यामुळे त्याला कधीही मोकळे सोडता येत नाही. लोंबणाऱ्या कानांत पावसाळ्यात बुरशी होते, म्हणून दर आठवड्याला कान पुसावे लागतात.


माळरान

सोलापूर भागातील असल्यामुळे आमच्या कारवानी या देशी शिकारी कुत्र्याबद्दल कोणी लिहिले नाही याचे थोडे वाईट वाटले. कर्नाटकात यालाच मुधोळ म्हणतात आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली त्यांत त्याला मान मिळाला होता. ऊन त्याला मुळीच बाधत नाही आणि घरच्या माणसांवर त्याचा अतोनात जीव असतो. पण सायलीताई, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कारवानी ठेवू नका. पळणारी वस्तू दिसली की तिच्यामागे सुटणे हे त्याच्या डोळ्यांतच आहे, आणि रोज सकाळी मोकळे रान मिळाले नाही तर तो आतल्या आत झुरतो.


पाऊलवाट

मी छत्रपती संभाजीनगरला राहते आणि गेली अकरा वर्षे, कायमचे घर मिळेपर्यंत, देशी कुत्रे माझ्या घरी सांभाळते. तुमच्या घराचे वर्णन वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो दोन-तीन वर्षांच्या, निर्बीजीकरण झालेल्या देशी कुत्रीचा.

देशी म्हणजे आपला गावठी कुत्रा. वजन पंधरा ते वीस-पंचवीस किलो, केस आखूड, नाक लांब, आणि आपल्या उन्हापावसात शेकडो पिढ्या तगल्यामुळे जातिवंत कुत्र्यांत आढळणारे आनुवंशिक आजार त्याच्यात कमी. परंतु मुख्य मुद्दा वयाचा आहे. पिल्लू मोठे होऊन कसे निघेल याचा अंदाजच करावा लागतो, दोन वर्षांची कुत्री मात्र आज जशी आहे तशीच तुमच्यासमोर उभी असते. ती पट्टा ओढते का, लहान मूल रडले तर उठून जाते की जवळ येते, जेवताना भांड्याजवळ कोणी गेले तर अंग ताठ करते का, हे सगळे ती जिथे राहते आहे त्या घराला माहीत असते. त्या घरात लहान मुले असतील तर फारच उत्तम. दात येताना चावणे, घरभर शी-शू, रात्री रडणे हे सगळे मागे पडलेले असते, आणि तुमच्या सासूबाईंच्या दृष्टीने ही गोष्ट मोठी आहे.

अडचणीही लिहिते. देशी कुत्रा सावध असतो. माझ्या पहिल्या कुत्रीने दोन वर्षे प्रत्येक पाहुण्यावर भुंकणे सोडले नाही. रस्त्यावर वाढलेल्या काही कुत्र्यांना हातात काठी किंवा केरसुणी दिसली तरी कापरे भरते, आणि अशा भित्र्या कुत्र्याला लहान मुलांच्या घरी कधीच देऊ नये, कारण भ्यायलेला कुत्राच बहुधा चावतो. म्हणून दया येऊन पहिल्याच भेटीत कुत्रा घरी आणू नका. तीन-चार वेळा भेटा, मग पंधरा दिवस घरी ठेवून पाहा, आणि नाही जमले तर परत पाठवण्याची बोली आधीच करून ठेवा. त्यात कमीपणा नाही.

महापालिकेचा परवाना मात्र पहिल्याच महिन्यात काढा. सोसायटीत कोणी हरकत घेतली तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. सभासदांच्या बहुमतानेसुद्धा सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.


सायली_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. हस्कीचा विषय आमच्या घरात काल रात्रीच संपला. पाऊलवाटताईंचे म्हणणे सासूबाईंना वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या की गावाकडे सगळे कुत्रे हेच होते, त्यात नवीन ते काय. यजमानही तयार आहेत. मला अजून एकच काळजी आहे आणि ती मुलाची. तो कवटाळतो. सोसायटीतल्या एका गोल्डन रिट्रीव्हरला त्याने परवा मागून मिठी मारली. कुत्रा काहीच बोलला नाही, फक्त जांभई दिली आणि तोंड दुसरीकडे वळवले. याचा अर्थ तो सोशीक आहे असा घ्यावा का?


पशुवैद्य_कोल्हापूर

नाही, आणि हे तुम्ही विचारलेत याचे मला फार समाधान वाटते. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, तोंड वळवणे, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसणे आणि अंग एकदम निश्चल होणे, ही कुत्र्याची ‘मला सोडा’ असे सांगण्याची भाषा आहे. त्या रिट्रीव्हरने सभ्यपणे सांगितले. त्याचे कोणी ऐकले नाही तर एखाद्या दिवशी तो गुरगुरेल, आणि गुरगुरण्याबद्दल त्याला रट्टा मिळाला तर त्याच्यापुढचे वेळी तो न गुरगुरता चावेल. मुलांना कुत्रे चावण्याच्या ज्या घटना दवाखान्यात ऐकू येतात त्यांत ‘काहीही कारण नसताना एकदम चावला’ हे वाक्य ठरलेले असते. जरा खोलात विचारले की कळते, कुत्रा जेवत होता, झोपला होता किंवा कोपऱ्यात अडकला होता. मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असल्यामुळे जखमाही चेहऱ्यावर होतात.

साडेतीन वर्षांच्या मुलाला हे सगळे लक्षात ठेवता येणार नाही, म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात कुत्रीची गादी ठेवा, ती तिथे असताना तिच्याकडे कोणीही जायचे नाही हा नियम घरातील मोठ्यांनीही पाळा, आणि बाळांसाठी जिन्यापाशी लावतात तशी आडवी जाळी दाराला लावून घ्या. दुपारी अकरा ते चार कुत्री जाळीच्या एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला, हे किमान पहिले वर्षभर. सासूबाईंनी उठून मध्ये पडण्याची वेळच येता कामा नये. मुलाला एकच गोष्ट शिकवा: आपण बसायचे, हात मांडीवर ठेवायचे आणि ती आली तरच तिच्या मानेच्या बाजूला एका हाताने खाजवायचे. तीन वेळा खाजवून हात काढून घ्यायचा. ती पुन्हा जवळ सरकली तर तिला आवडले आहे, नाही सरकली तर खेळ संपला. हा खेळ माझ्या नातीने चौथ्या वर्षी आठ दिवसांत शिकून घेतला.

दात किंवा नख लागलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, मग कुत्री घरची असो आणि तिच्या सगळ्या लसी झालेल्या असोत. हळद, चुना, मिरची यांतले काहीही लावायचे नाही. सासूबाईंना हे आवर्जून सांगा, कारण त्या पिढीचा हात आधी हळदीकडे जातो.


सायली_पुणे

जूनमध्ये मुलगा शाळेत जाऊ लागला की दुपारचे दोनच तास सांभाळावे लागतील, म्हणून तोवर थांबायचे ठरवले आहे. दरम्यान पुण्यातच एका कुटुंबाकडे अडीच वर्षांची तांबूस रंगाची देशी कुत्री आहे असे समजले. त्यांच्याकडे पाच वर्षांचा मुलगा आहे. येत्या रविवारी आम्ही तिला पहिल्यांदा भेटणार आहोत. जाताना काय न्यावे?


पाऊलवाट

रिकाम्या हातांनी जा. खाऊ दिला की कुत्री खाऊकडे येते, माणसाकडे येते की नाही ते कळत नाही. शक्यतो बाहेर, तिच्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर भेटा आणि पट्टा त्यांच्याच हातात राहू द्या. पहिली दहा मिनिटे मुलांनी तिच्याकडे न पाहता तुमच्या बाजूने नुसते चालायचे. तिने चालता चालता धाकट्याचा हात हुंगून पाहिला आणि शेपटी सैल ठेवून पुढे गेली तर दुसरी भेट ठरवा. आणि त्यांच्या मुलाने तिला हाक मारल्यावर ती कशी वळते, तेही बघून ठेवा.